कुलूप लावलं तरी चार गोष्टी हलतात

नवा टीएसओ आयडी, म्हणजे मेनफ्रेम या मोठ्या संगणकावरचं खातं, मिळाला की माणूस आधी पडद्याचे रंग बदलतो. मीही बदलते. काळ्या पडद्यावरची निळी अक्षरं मला नीट दिसत नाहीत, म्हणून निळ्याचं टर्क्वॉइज करते आणि मगच कामाला लागते. त्यात गैर काही नाही. पण मेनफ्रेमवर फायली हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जी ढीगभर डिफॉल्ट सेटिंग्ज असतात, त्यांत रंग सगळ्यांत निरुपद्रवी, आणि सगळ्यांचा वेळ जातो तो मात्र त्यांच्यावरच.

टीममध्ये नवीन कुणी आलं की मी सेटिंग्जचे दोन गठ्ठे करायला सांगते. पहिल्यात फक्त आपल्याला काय दिसतं ते ठरवणाऱ्या: रंग, स्क्रोल, पडद्याचा आकार, हेक्स (बाइटचं सोळाच्या पायावरचं रूप) उभं दिसणार की आडवं. दुसऱ्यात सेव्ह केल्यावर फाइलमध्ये काय जाणार ते ठरवणाऱ्या. पहिला गठ्ठा ज्याने त्याने आपल्या आवडीने लावावा, त्यावर मी मत देत नाही. (देते. पुढे येईलच.) दुसरा गठ्ठा मात्र काम सुरू करण्याआधी, डोकं शांत असताना लावून ठेवायचा. रात्री जॉब (आपोआप चालणारं काम) पडलेला असतो, कंट्रोल कार्डात, म्हणजे त्याला दिलेल्या सूचनांच्या ओळींत, एक अक्षर बदलायचं असतं, तेव्हा नंबर मोड ऑन आहे की ऑफ हे कुणीही बघत नाही.

सुरुवात आयएसपीएफच्या, म्हणजे टीएसओवर ज्या मेनू-पडद्यांतून काम चालतं त्या सॉफ्टवेअरच्या, एडिटरपासून. आयबीएमचं फाइल मॅनेजर वापरा नाहीतर फाइल-एड, दोन्ही उभी आहेत आयएसपीएफवरच, आणि साधा मेंबर, म्हणजे लायब्ररीतली एक फाइल, बदलायला आपण शेवटी त्याच एडिटरमध्ये येतो. तिथे प्रोफाइल असं टाइप केलं की एडिटरच्या सेटिंग्जचा हा संच डेटाच्या डोक्यावर चार-पाच ओळींत उघडतो. पहिल्या ओळीत प्रोफाइलचं नाव, कंसात फिक्स्ड ८० असं काहीतरी, मग रिकव्हरी, नंबर. खाली कॅप्स, हेक्स, नल्स, टॅब्ज, ऑटोसेव्ह, स्टॅट्स, पॅक वगैरे. खूप वर्षं काम केलेल्या काही लोकांनीही या ओळी कधी पूर्ण वाचलेल्या नसतात. आल्या की रिसेट मारून घालवतात.

प्रोफाइल डेटासेटच्या, म्हणजे मेनफ्रेमवरच्या फाइलच्या किंवा लायब्ररीच्या, नावातल्या शेवटच्या भागावरून ठरतो, हे इथे कळणं फार महत्त्वाचं. नाव सीएनटीएलने संपत असेल तर सीएनटीएलचा प्रोफाइल, कोबॉलने संपत असेल तर कोबॉलचा. टेस्टची लायब्ररी असो की प्रॉडक्शनची, शेवटचा भाग आणि रेकॉर्डची ठेवण सारखी असेल तर दोघींना एकच प्रोफाइल लागतो. म्हणजे टेस्टमध्ये गंमत म्हणून जे चालू केलंत, ते प्रॉडक्शनचा मेंबर उघडतानाही चालूच असतं. उलटही घडतं: कोबॉलच्या लायब्ररीत सगळं नीट लावलं, आणि पॅरमलिब नावाच्या लायब्ररीत गेलात की तिथे मूळचे डिफॉल्ट वाट बघत बसलेले. अशा प्रोफाइलची संख्याही मर्यादित असते, मुळात २५. त्यापुढे नवीन आला की जुन्यांतला एक गळतो. सहा महिन्यांनी एखाद्या लायब्ररीत गेल्यावर 'मी तर हे लावलं होतं' असं वाटतं, ते यामुळे.

आता दुसऱ्या गठ्ठ्यातली माझी नावडती मंडळी.

नंबर मोड ऑन असेल तर ८० च्या फिक्स्ड रेकॉर्डमध्ये ७३ ते ८० या आठ कॉलमांत एडिटर क्रमांक लिहितो. कोबॉलच्या क्रमांकांसाठी वेगळा पर्याय आहे, तो पहिल्या सहा कॉलमांत लिहितो. जेसीएलमध्ये, म्हणजे जॉब कसा चालवायचा हे सांगणाऱ्या भाषेत, ७३ च्या पुढे कुणी बघत नाही, त्यामुळे तिथे बिघडत काही नाही, आणि म्हणूनच सवय लागते. मग तोच माणूस एफटीपीच्या कमांडचा मेंबर तयार करतो, किंवा आपल्याच कोबॉल प्रोग्रामला लागणारी पूर्ण ८० कॉलमांची पॅरामीटर फाइल, आणि ओळींच्या शेवटी आठ आकडे चिकटतात. वाईट भाग असा, की नंबर मोड चालू असताना ते आठ कॉलम नेहमीच्या दृश्यात दाखवलेच जात नाहीत. तुम्ही टक लावून बघा, ओळ स्वच्छ दिसते. अननंब मारलं की क्रमांक पुसले जातात आणि मोडही बंद होतो. पण त्या कॉलमांत आधी खरा डेटा होता तर तो गेलेलाच असतो.

कॅप्स ऑनबद्दल बहुतेकांची समजूत अर्धी असते. 'मी टाइप करीन ते कॅपिटल होईल' एवढंच माहीत असतं. प्रत्यक्षात ज्या ओळीला हात लावाल त्या ओळीत आधीपासून असलेली लहान अक्षरंही एंटर दाबताच मोठी होतात. जेसीएलमध्ये युनिक्स बाजूच्या फाइलचा पाथ आहे, तो लहान अक्षरांत आहे, आणि तुम्ही त्याच ओळीच्या शेवटचा फक्त स्वल्पविराम दुरुस्त केलात. पाथ बदलला. जॉब म्हणणार फाइल सापडत नाही, आणि तुम्ही म्हणणार मी तर स्वल्पविरामच दिला.

तिसरं आहे व्हीबी फायलींचं, आणि याला मी सर्वांत जास्त घाबरते. व्हेरिएबल लांबीची फाइल आयएसपीएफच्या एडिटमध्ये उघडून सेव्ह केली की ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा कापल्या जातात, रेकॉर्ड आखूड होतो. एडिटच्या सुरुवातीच्या पॅनेलवर व्हीबी रेकॉर्डची लांबी जपा असा एक पर्याय आहे, तिथे तिरकी रेघ दिली, किंवा आत गेल्यावर प्रिझर्व्ह ऑन दिलं, की हे थांबतं. नाही दिलं तर एडिटर तक्रार करत नाही, सेव्हही बिनबोभाट होतं. बोंब उठते ती पुढच्या पायरीला. डीएफसॉर्ट या सॉर्ट करणाऱ्या प्रोग्रामला एखाद्या कीची (ज्यावरून क्रम लावायचा त्या फील्डची) जागा त्या आखूड रेकॉर्डच्या पलीकडे सापडते आणि तो आयसीई२१८ए हा चुकीचा संदेश देऊन थांबतो. बघणारा मग सॉर्टचं कार्ड तपासत बसतो, कारण आदल्या दिवशी कुणी ती फाइल 'फक्त उघडून सेव्ह केली' हे कुठेच लिहिलेलं नसतं.

पॅकबद्दल, म्हणजे डेटा आवळून साठवण्याबद्दल, एकच वाक्य: ऑफ ठेवा, आणि ऑन का होतं याचं कारण शोधत बसू नका.

एवढं झाल्यावर नवीन माणूस विचारतो, मग कुलूप लावून टाकू? प्रोफाइल लॉक अशी कमांड आहेच. लावाच. लॉक केल्यावर एडिट करताना जे बदलाल ते त्या बैठकीपुरतं राहतं, पुढच्या वेळी मूळचं परत येतं. हेक्स ऑन करून विसरलात तरी उद्या मेंबर कैकपट उंचीचा दिसणार नाही. पण कॅप्स, नंबर, स्टॅट्स (मेंबर कधी, कुणी बदलला याची नोंद) आणि पॅक हे चार मोड एडिटर स्वतः डेटा बघून बदलतो, कुलूप असो वा नसो. फाइल वाचताना किंवा दुसऱ्या मेंबरमधून ओळी कॉपी करून आणताना तो ठरवतो की इथे लहान अक्षरं आहेत, कॅप्स ऑफ करू. इथले क्रमांक नियमात बसत नाहीत, नंबर ऑफ करू. बदल केला की वर संदेशाची ओळ येते, कॉशन शब्दाने सुरू होणारी. ती ओळ आपण सगळे डोळ्यांनी बघतो आणि मनाने वाचत नाही.

म्हणजे डेटाला थेट हात लावणारे मोडच नेमके कुलपाच्या बाहेर. याच्यावरचा उपाय आयएसपीएफमध्येच आहे, सुरुवातीचा मॅक्रो, म्हणजे मेंबर उघडताच आपोआप चालणाऱ्या कमांड. रेक्स भाषेत चार ओळी: पत्ता आयएसआर-एडिटचा, मग मॅक्रो, मग कॅप्स ऑफ, मग नंबर ऑफ. तो मेंबर आपल्या एक्झेक लायब्ररीत ठेवायचा आणि एडिटमध्ये आयमॅक्रो कमांडपुढे त्याचं नाव द्यायचं. एडिटरने डेटा वाचून आपला निर्णय घेतला की त्यानंतर हा मॅक्रो चालतो, त्यामुळे शेवटचा शब्द तुमचा. मी हे सीएनटीएल आणि पॅरमलिब या दोन प्रोफाइलना लावलंय. कोबॉलच्या प्रोफाइलला मुद्दाम नाही, तिथे एडिटरचा अंदाज मला चालतो.

आता खास फाइल हाताळणीची सॉफ्टवेअर. फाइल मॅनेजर असो की फाइल-एड, दोन्हीकडे मुख्य मेनूतला शून्य हा पर्याय सेटिंग्जचा. नवीन लोक तिथे कधी जात नाहीत, थेट ब्राउझ आणि एडिट. फाइल मॅनेजरमध्ये मी सर्वांत आधी कोबॉल कंपाइलरच्या सेटिंग्ज बघते. कारण असं: तुम्ही कॉपीबुक, म्हणजे रेकॉर्डमधल्या फील्डांची कोबॉलमधली मांडणी, देता, तो ते कंपाइल करतो, त्यातून टेम्प्लेट बनवतो, आणि मग रेकॉर्डचे बाइट फील्डवार मांडून दाखवतो. तुमच्या प्रोग्रामला कंपाइल करताना जे पर्याय लागतात तेच टेम्प्लेट बनतानाही लागतात, आणि ते इथे आधीपासून लावलेले नसतात. कॉपीबुकात १८ पेक्षा जास्त अंकांचं पॅक्ड (एका बाइटमध्ये दोन अंक बसवणारं) फील्ड असेल तर एरिथ एक्स्टेंड हवं, तरच ३१ अंकांपर्यंत चालतं. दोन अपूर्णविरामांमध्ये (:) टॅग घालून लिहिलेलं कॉपीबुक असेल, म्हणजे प्रत्येक प्रोग्रामने रिप्लेसिंग करून वापरायचं, तर टॅगच्या जागी काय घालायचं ते सांगावं लागतं. दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरणाऱ्या प्रोग्रामचं कॉपीबुक असेल तर तेही. हे नसलं की टेम्प्लेट बनत नाही, आणि माणूस कॉपीबुक चुकीचं आहे म्हणून दुसऱ्याच्या मागे लागतो. ते कॉपीबुक रोज रात्री प्रॉडक्शनमध्ये चालत असतं, बिचारं.

हेक्स दाखवण्याची पद्धत हा पहिल्या गठ्ठ्यातला विषय, पण यावर मत दिल्याशिवाय मला राहवत नाही. छापील डंपसाठी दोन पर्याय असतात, वर-खाली आणि आडवा. माझं कायम वर-खाली. पाच अंकांच्या पॅक्ड फील्डमध्ये अधिक १२३४५ असेल तर ते तीन बाइटमध्ये बसतं. वरच्या ओळीत १, ३, ५ आणि खालच्या ओळीत २, ४, सी. चिन्ह नेहमी खालच्या ओळीत, शेवटी. सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे, एफ म्हणजे बिनचिन्हाचं. हे एकदा डोळ्यांत बसलं की कुणीतरी पॅक्ड फील्डमध्ये स्पेस भरल्या आहेत हे क्षणात दिसतं: वर ४४४, खाली ०००. इब्सिडिकमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात, स्पेस म्हणजे ४०, आणि शून्य हे चिन्ह म्हणून चालत नाही, त्यामुळे प्रोग्रामने त्यावर बेरीज केली की सॉक-सेव्हन, म्हणजे चुकीच्या डेटामुळे प्रोग्राम पडणं, ठरलेला. आडव्या डंपमध्येही हे सगळं असतंच, फक्त कोणतं अक्षर कोणत्या बाइटचं हे मोजत बसावं लागतं. आडवा वापरणारे चांगले प्रोग्रामर मी पाहिले आहेत. कसे जमवतात कोण जाणे.

बॅच जॉबचं कार्ड हेही एक डिफॉल्टच. सॉफ्टवेअर तुमच्यासाठी जेसीएल तयार करून देतं तेव्हा वरच्या ओळी तिथून येतात. नोटिफायमध्ये आपला आयडी हाताने लिहू नका, सिसयूआयडीचं चिन्ह वापरा, म्हणजे जो सबमिट करेल त्याला निरोप जाईल. नाहीतर तुमचं कार्ड घेऊन कुणीतरी जॉब सोडतो आणि तुमच्या पडद्यावर त्याचे निरोप येत राहतात.

सेटिंग्ज साठतात कुठे, हे माहीत नसेल तर बाकी सगळ्याचा उपयोग निम्माच. आयएसपीएफ तुमच्या सेटिंग्ज आयएसपीप्रॉफ या नावाने जोडलेल्या एका लायब्ररीत ठेवतो. त्यात प्रत्येक ॲप्लिकेशनचा आपापला मेंबर असतो, ॲप्लिकेशनच्या आयडीपुढे प्रॉफ हा शब्द जोडलेला. एडिटचे प्रोफाइल वेगळ्या मेंबरमध्ये, आयडीपुढे एडिट. म्हणून आयएसपीएफच्या मुख्य एडिटमध्ये लावलेली पीएफ की (की-बोर्डवरची फंक्शन की) फाइल मॅनेजरमध्ये गेल्यावर दिसत नाही. हरवलेली नसते, दुसऱ्या मेंबरमध्ये असते. ज्या ॲप्लिकेशनसाठी बदलायचं त्याच्या आत जाऊन कीज कमांड द्यायची, बाहेरून देऊन उपयोग नाही.

आणि हे सगळं डिस्कवर लिहिलं जातं ते त्या ॲप्लिकेशनमधून रीतसर बाहेर पडताना. तासभर खपून सगळं लावलंत, तसंच ठेवून मीटिंगला गेलात, सेशन बसून राहिलं म्हणून सिस्टिमने एस५२२ देऊन तोडलं, की लावलेलं सगळं हवेत. मी सेटिंग्ज बदलल्या की लगेच बरोबरचं चिन्ह आणि एक्स (=X) देऊन पार बाहेर पडते, पुन्हा आत येते, बघते, मग पुढचं.

टीएसओचं स्वतःचं प्रोफाइल या सगळ्यापासून वेगळं. त्यातला प्रीफिक्स तेवढा लक्षात ठेवा: डेटासेटचं नाव अवतरणचिन्हांशिवाय दिलंत तर पुढे तो प्रीफिक्स लागतो. मी अवतरणचिन्हं कधीच वगळत नाही.

पहिल्या गठ्ठ्यातलं माझं काय काय आहे ते भराभर सांगते. स्क्रोलच्या जागी पेज पुसून सीएसआर, म्हणजे कर्सर जिथे आहे ती ओळ वर जाते आणि संदर्भ तुटत नाही. एकदा टाइप केलं की लक्षात राहतं. कमांड लाइन वर, खाली नाही. सेटिंग्जमध्ये 'कमांड लाइन खाली' यापुढची तिरकी रेघ काढायची. एम्युलेटरमध्ये, म्हणजे पीसीवर मेनफ्रेमचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, २७ ओळी आणि १३२ कॉलमांचा पडदा, आणि आयएसपीएफमध्ये स्क्रीन फॉरमॅट मॅक्स; २४ बाय ८० मध्ये १३३ कॉलमांचा रिपोर्ट बघणं ही शिक्षा आहे. पीएफ १२ वर रिट्रीव्ह, आणि कीलिस्ट (पॅनेलसोबत ठरवून आलेली कीची यादी) बंद. कीलिस्ट चालू असेल तर एडिटमध्ये पीएफ १२ म्हणजे कॅन्सल असतं, आणि मागची कमांड परत आणायला बोट सवयीने तिथेच जातं. निदान एडिटसेट देऊन कॅन्सलच्या आधी विचारण्याचा पर्याय तरी चालू ठेवा.

माझ्या दोन गठ्ठ्यांत न बसणारं एक सेटिंग आहे, आणि ते मेनफ्रेमवर नसून तुमच्या एम्युलेटरमध्ये असतं: कोड पेज, म्हणजे कोणत्या अक्षरासाठी कोणता बाइट याचा तक्ता. दिसायला ते दिसण्याचंच सेटिंग. पण चौकोनी कंस ०३७ या कोड पेजमध्ये बीए आणि बीबी, तर १०४७ मध्ये एडी आणि बीडी. एम्युलेटर ०३७ वर असेल आणि फाइल १०४७ ची असेल, तर वाचताना कंसाच्या जागी भलतंच चिन्ह दिसतं. इथपर्यंत ठीक. मग तुम्ही ते 'दुरुस्त' करता, की-बोर्डवरून कंस टाइप करता, पडद्यावर छान कंस दिसतो, आणि फाइलमध्ये चुकीचा बाइट जातो. जेसॉन किंवा सी चा सोर्स असेल तर पुढचं सॉफ्टवेअर तो ओळखत नाही. शंका आली की हेक्स ऑन करून त्या अक्षराखालचे दोन आकडे बघायचे. पडद्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवायचा नाही.

काही गोष्टी आपल्या हातात नसतात, त्यावर डोकं फोडू नये. फाइल मॅनेजर बसवताना सिस्टिमवाले एफएमएन०पीओपीटी नावाचं मॉड्यूल तयार करतात, त्यात संपूर्ण साइटचे डिफॉल्ट असतात. एडिटची ऑडिट नोंद सक्तीची की मागितली तरच, हे तिथे ठरतं. ती सक्तीची असेल तर तुमच्या शून्य पर्यायात काहीही करा, नोंद होणारच. व्हावीच.

शेवटचा मुद्दा, ज्यावर माझं आणि आमच्याकडच्या बऱ्याच जणांचं पटत नाही. नवीन माणूस आला की त्याला कुणा अनुभवी माणसाची अख्खी आयएसपीप्रॉफ लायब्ररी कॉपी करून द्यायची पद्धत आहे. पाच मिनिटांत सगळं तयार, रंगांसकट. मी माझी देत नाही. त्यात माझं जॉब कार्ड आहे. माझ्या पीएफ कीवर बसवलेल्या कमांड आहेत, त्यांतली एक सबमिट करते. आयमॅक्रोचं नाव आहे, पण तो मॅक्रो माझ्या लायब्ररीत आहे, त्याच्याकडे नाही. आणि एडिटच्या पॅनेलवर मी शेवटी उघडलेल्या डेटासेटचं नाव तसंच भरलेलं असतं, बहुतेक वेळा प्रॉडक्शनचं. पहिल्याच दिवशी, काय आहे बघू म्हणून नुसतं एंटर दाबणाऱ्या माणसासमोर ते नाव असू नये असं मला वाटतं. त्याऐवजी मी त्याला रिकामा प्रोफाइल घेऊन शेजारी बसवते, प्रोफाइल टाइप करायला लावते आणि त्या चार-पाच ओळी मोठ्याने वाचायला सांगते. रंग त्याने जेवणाच्या सुट्टीत बदलावेत.